पत्राची इंग्रजी, चॅटची इंग्रजी: हरमलच्या एका होमस्टेचं प्रकरण

पेडणे तालुक्यातल्या हरमलला, किनाऱ्यापासून दहा मिनिटं आत, माडांच्या भाटात चार खोल्यांचा होमस्टे. आईकडे स्वयंपाक आणि चादरी, वडिलांकडे पाणी, मोटर, वीज. व्हॉट्सॲपवर पाहुण्यांना उत्तरं द्यायचं काम थोरल्या मुलीकडे. धाकटा भाऊ पणजीला कॉलेजात शिकतो आणि न विचारता सल्ले देतो. हे एका विशिष्ट घराचं वर्णन नाही. किनारपट्टीवरच्या अशा घरांतून रोज जाणारे-येणारे संदेश इथे एका घरात आणून बसवले आहेत. माणसं कल्पित, वाक्यं ओळखीची.

मुलीची इंग्रजी कच्ची नाही, हे आधीच सांगायला हवं. गोव्यात तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं झालं तसंच तिचं झालं: चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. इंग्रजी हातात आली ती व्याकरणाच्या वहीतून आणि पत्रलेखनातून. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज, पंचायतीला रस्त्यावरच्या दिव्यांची तक्रार, पुढे बीकॉम आणि पतसंस्थेत थोडे दिवस कारकुनी. काळ चुकत नाही, स्पेलिंग चुकत नाही. बोलायची इंग्रजी मात्र कुणी शिकवलीच नाही, कारण घरात आणि गावात बोलायला मराठी-कोंकणी होती.

काय घडलं

डिसेंबरच्या सुरुवातीला इंग्लंडहून एका बाईंचा संदेश आला: “हाय! इज द रूम विथ द बाल्कनी फ्री १२–१९ जॅन? हाऊ मच वुड इट बी? थँक्स :)”

उत्तर गेलं ते असं: “रिस्पेक्टेड मॅडम, ग्रीटिंग्ज ऑफ द डे. विथ रेफरन्स टू युअर मेसेज, काइंडली बी इन्फॉर्म्ड दॅट द सेड रूम इज अव्हेलेबल. काइंडली शेअर युअर गुड नेम अँड डू द नीडफुल रिगार्डिंग ॲडव्हान्स ॲट द अर्लिएस्ट.”

इंग्रजीच्या पेपरात याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पण बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. खोली रिकामी आहे हे उत्तर दुसऱ्या वाक्याच्या शेपटाला लटकलेलं, आणि भाडं किती ते सांगितलेलंच नाही. ॲडव्हान्स किती आणि कुठे भरायचा, तेही नाही. ‘डू द नीडफुल’ आपल्याकडच्या कचेऱ्यांत सर्रास चालतं. इंग्लंडमध्ये ते केव्हाच मागे पडलं. बाईंनी साधेपणाने विचारलं, “सॉरी, व्हॉट डू यू नीड मी टू डू?” मुलीला यात चिडचिड दिसली. तशी ती नव्हती. इंग्रज माणूस न समजलेलं पुन्हा विचारताना आधी सॉरी म्हणतो, एवढंच.

मग भाडं कळवलं, खात्याचा तपशील पाठवला. दिवसभर काही उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता स्मरणपत्र गेलं: “काइंडली रिव्हर्ट.” डिसेंबर-जानेवारीत इंग्लंड आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तिकडे पहाटेचे साडेतीन. शिवाय ‘रिव्हर्ट’ म्हणजे ‘उत्तर द्या’ हा अर्थ आपल्या ऑफिसांतला. तिकडच्या बोलण्यात त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. कशावर परत जायचं, हे त्या बाईंना कळणं शक्यच नव्हतं.

इथे भाऊ मधे पडला. “सरकारी पत्र कशाला लिहितेस गो? फ्री लिही.” त्याच्या सांगण्यावरून पुढचा संदेश गेला: “हाय डिअर! यू देअर?? रूम गोइंग फास्ट लोल 😂 सेंड ॲडव्हान्स सून ओके.”

उत्तर तासाभरात आलं, पण वेगळंच: “हाय, सॉरी टू आस्क, बट इज धिस अ रिअल प्लेस?”

हा प्रश्न अपमान नव्हे. फसवणुकीच्या मेल आणि संदेशांत लोकांना ‘काइंडली’ आणि ‘डिअर’ ही जोडी इतक्यांदा भेटलेली असते की दोन्ही एकाच खिडकीत दिसली आणि पाठोपाठ पैशांची घाई आली, की माणूस सावध होतो. त्यातून एकाच नंबरवरून आधी सरकारी पत्र आणि नंतर कॉलेजच्या ग्रुपवरची भाषा. लिहिणारा एकच माणूस आहे यावर विश्वास कसा बसावा? कुठलाही एक सूर कायम ठेवला असता तरी इतकं बिघडलं नसतं.

बुकिंग वाचलं ते इंग्रजीमुळे नाही. मुलीने त्याच दिवशी बाल्कनीतून फोन फिरवत २० सेकंदांचा व्हिडिओ काढून पाठवला, सोबत नकाशावरचं ठिकाण. बाईंनी ५,००० रुपये भरले.

साडेसहा की साडेसात

दुसरा घोळ पैशांचा नव्हता, वेळेचा होता. बाईंचा संदेश: “कुड समवन पिक अस अप फ्रॉम द एअरपोर्ट अॅट हाफ सेव्हन ऑन संडे? x”

या एका ओळीत तीन खड्डे आहेत.

पहिला ‘हाफ सेव्हन’. ब्रिटिश बोलण्यात हे ‘हाफ पास्ट सेव्हन’चं छोटं रूप, म्हणजे साडेसात. जर्मन भाषेत मात्र तशीच रचना साडेसहासाठी वापरतात, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो तो काही आपल्याकडेच नाही. मुलीने ‘सातव्याचा अर्धा’ असा हिशेब केला आणि टॅक्सीवाल्या काकांना साडेसहा सांगितलं. काका तासभर उभे. फोनवर पहिलं वाक्य: “गो बाय, तू साडेसहा म्हणाली होतीस ना?”

दुसरा खड्डा ‘द एअरपोर्ट’. जानेवारी २०२३मध्ये मोपाच्या मनोहर विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यापासून गोव्यात दोन विमानतळ आहेत. मोपा पेडण्यातच, दाबोळी पार दक्षिणेला, मुरगाव तालुक्यात. तिकिटावर मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. पाहुण्याला हा फरक ठाऊक असेलच असं नाही. त्याच्या लेखी तो नुसता ‘गोवा’. या वेळी अंदाजाने मोपा धरलं आणि ते बरोबर निघालं, पण अंदाजावर टॅक्सी पाठवू नये. फ्लाइट नंबर मागितला असता तर विमानतळ, उतरण्याची वेळ आणि सकाळ-संध्याकाळ, सगळं एका उत्तरात मिळालं असतं.

तिसरा खड्डा शेवटचा एकटा ‘x’. मुलीला वाटलं चुकून दाबलं गेलं, नाहीतर काहीतरी रद्द केलंय. ब्रिटिश बायका, आणि काही पुरुषही, ओळखीच्यांना लिहिताना शेवटी आपुलकीची खूण म्हणून तो ठेवतात. अर्थ पापी, म्हणजे मुका, असला तरी वजन नमस्कारापलीकडे जात नाही. तो आला तर बरं वाटून घ्यावं. यजमानाने उलट पाठवू नये.

थांबल्याचे पैसे कुणी द्यायचे यावर मग संदेश गेला: “यू हॅव टू पे ५०० वेटिंग चार्ज ॲज यू गेव्ह राँग टाइम.” वेळ चुकीची दिलेलीच नव्हती. पण समजा दिली असती, तरी ‘यू हॅव टू’ आणि ‘राँग’ हे दोन शब्द चॅटच्या छोट्या पडद्यावर फार मोठे दिसतात. मराठीत “थांबल्याचे पाचशे द्यावे लागतील हां” यातला ‘हां’ वाक्याला मऊ करतो. इंग्रजीत तो हां कुठेच उरला नाही.

मुक्कामात एक छोटी गंमतही झाली. संध्याकाळी विचारलं, “डू यू वॉन्ट ब्रेकफास्ट टुमॉरो?” उत्तर, “आय'म गुड, थँक्स!” आईने सकाळी दोघांसाठी पातळ भाजी केली, पाव आणले, आणि खायला कुणी आलं नाही. ‘आय'म गुड’ म्हणजे इथे ‘नको, राहू दे’. हो म्हणायचं असतं तर ‘यस प्लीज’ किंवा ‘दॅट वुड बी लव्हली’ आलं असतं. नुसतं ‘थँक्स’ किंवा ‘गुड’ दिसलं आणि ‘यस’ नाही, तर पुन्हा विचारावं: “सो नो ब्रेकफास्ट टुमॉरो, राइट?”

बिघडतं कुठे

या मुलीकडे इंग्रजीचे दोनच सूर होते, आणि दोन्ही टोकाचे. भाषाशास्त्रात इंग्रजीच्या पाच पायऱ्या सांगायची एक रीत आहे: शपथ किंवा प्रार्थनेची ठरीव भाषा, भाषणा-पत्राची औपचारिक, अनोळखी माणसाशी कामाचं बोलायची सल्लामसलतीची, मित्रांतली सहज आणि घरातली जिवलग. शाळेने तिला दुसरी पायरी दिली, भावाने चौथी. होमस्टेची चॅट जवळजवळ सगळी तिसरीवर चालते. ती ना शाळेत शिकवतात, ना इन्स्टाग्रामवर सापडते. दुकानदार, दवाखान्यातली स्वागतिका, बस कंपनीची मदतसेवा यांच्याशी बोलताना ती कानावर पडते. आपल्या मुलांना ती मराठीतून ऐकू येते, इंग्रजीतून नाही.

सभ्यपणा मराठीत कुठे राहतो ते पाहिलं की पुढचा भाग उलगडतो. “फोटो पाठवा” यात आदर क्रियापदाच्या टोकाला बसलेला आहे. त्यावर “जरा”, “ना”, “तेवढा” घातले की विनंती होते. कृपया लिहायची गरजच पडत नाही; लिहिलं की उलट सूचनाफलक वाटतो. इंग्रजीत क्रियापदाला असं टोक नाही. “सेंड फोटो” हा हुकूम, आणि “प्लीज सेंड फोटो” हा प्लीज लावलेला हुकूम. बोलकी इंग्रजी विनंतीचा प्रश्न करते: “कुड यू सेंड मी अ फोटो?” समोरच्याला जमेल का, असं विचारल्याचा देखावा असतो, नकाराला जागा ठेवणं हाच तिथला शिष्टाचार. त्यामुळे प्लीजची संख्या वाढवून उपयोग होत नाही. एका संदेशात तीन प्लीज दिसले की लिहिणारा वैतागला आहे असंही वाटू शकतं.

‘डिअर’चं मूळ याच्या शेजारीच आहे. गोव्यात बोलताना ‘गो’, ‘रे’, ‘बाय’ हे शब्द ओळख नसतानाही जवळीक आणतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. इंग्रजी लिहिताना त्यांची जागा रिकामी पडते आणि तिथे डिअर येऊन बसतो. पत्राच्या मायन्यात नावाआधी डिअर ठीक. नावाशिवाय, वाक्याच्या मधोमध तो एकतर फार वडीलधारा वाटतो नाहीतर नको तितका लगटीचा. जवळिकीसाठी इंग्रजी चॅटमध्ये सगळ्यात सोपं साधन म्हणजे समोरच्याचं नाव, पहिल्या संदेशात एकदा.

मग मोबाइलचे स्वतःचे काही नियम. पत्रात पूर्णविराम नसला तर चूक. चॅटमध्ये संदेश पाठवणं हाच विराम. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठातल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले होते. एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब असलं की मोबाइलवरच्या संदेशात ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असताना हा फरक पडला नाही. म्हणून लांब संदेशात वाक्यांमध्ये टिंबं हवीतच, पण “ओके.” आणि “नोटेड.” असे एकेकटे शब्द टाळावेत. “ओके, थँक्स!” किंवा “गॉट इट, थँक यू” पुरतं.

पुन्हा लिहिताना

पहिल्याच उत्तराकडे परत जाऊ. राहून गेलेली माहिती घालून तोच संदेश तिसऱ्या पायरीवर असा होतो:

“हाय! यस, द बाल्कनी रूम'स फ्री. इट्स २,८०० रुपीज अ नाइट, सो १९,६०० फॉर ७ नाइट्स, संडे १२ टू संडे १९ जॅन्युअरी. टू होल्ड इट, वी आस्क फॉर ५,००० इन ॲडव्हान्स. शॅल आय सेंड यू द डिटेल्स?”

काय बदललं? विचारलेल्याचं उत्तर सुरुवातीलाच आलं. मग आकडा, आणि आकड्याचा हिशेब. मग पुढची पायरी, आणि शेवटी एकच प्रश्न, ज्याला ‘यस प्लीज’ एवढं उत्तर पुरे. ‘इज’चं ‘'स’ झालं. असे जोड न वापरणं हीच शालेय इंग्रजीची पहिली ओळख. आय'ल, वी'व्ह, इट्स, दॅट्स, डोन्ट, कान्ट: रोजच्या होमस्टेला एवढेच बास. ‘गोना’ आणि ‘वॉना’ वापरायची गरज नाही, ते भावासाठी ठेवावेत.

रात्रींचा आकडा आणि वार मुद्दाम घातले आहेत. १२ ते १९ म्हणजे सात रात्री की आठ दिवस, यावर शेवटच्या सकाळी वाद होतात. तारीख आकड्यांत लिहिली तर ०५/०१ हा अमेरिकन माणसाला १ मे वाटेल. महिना अक्षरांत, सोबत वार. वार आणि तारीख जुळली नाही तर चूक आपोआप उघडी पडते.

आता प्रकरणाचा गाभा. भावाचा सल्ला अर्धा बरोबर होता: सूर मोकळा हवा. पण सूर मोकळा करताना त्याने मजकूरही सैल केला. “रूम गोइंग फास्ट, सेंड सून” यात ना रक्कम, ना तारीख. चॅटमध्ये सूर कितीही बोलका असो, पैसे, तारीख, वेळ, जागा, ओळखपत्र आणि रद्द करण्याच्या अटी हे पत्रातल्यासारखेच पूर्ण लिहावे लागतात. वेळ अंकांत आणि सकाळ-संध्याकाळ सांगून: ७:३० पीएम. पाहुण्याने ‘हाफ सेव्हन’ लिहिलं तर आपण त्याच शब्दांत होकार देऊ नये. आकड्यात उलट सांगावं. टॅक्सीच्या संदेशाला उत्तर असं जायला हवं होतं:

“शुअर! जस्ट टू चेक: संडे १२ जॅन्युअरी, ७:३० पीएम, मोपा एअरपोर्ट (जीओएक्स)? कुड यू सेंड मी युअर फ्लाइट नंबर? द ड्रायव्हर वेट्स ३० मिनिट्स फ्री, आफ्टर दॅट इट्स ५०० ॲन अवर.”

थांबण्याचा दर आधी सांगितला की नंतर तो दंड वाटत नाही. आणि गाडी खरोखर थांबलीच, चूक आपली असली, तर पैसे मागायचेच नाहीत; काकांचा हिशेब घरातून भागवावा. चूक पाहुण्याची असेल तेव्हा: “द ड्रायव्हर वेटेड अॅन एक्स्ट्रा अवर, सो देअर'स ५०० टू ॲड. इज इट ओके इफ वी पुट इट ऑन द फायनल बिल?” कुणाची चूक, हा शब्दच वाक्यात नाही. गाडीने वाट पाहिली हे घडलेलं, आणि मग विचारणा.

एक जागा अशी आहे जिथे सूरही थोडा वर न्यावा: कायद्याची कामं. परदेशी पाहुणा आला की त्याची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. गावात सगळे तिला सी-फॉर्म म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील लागतो. “सेंड पासपोर्ट पिक 😊” असं अनोळखी नंबरवरून आलं तर शहाणा माणूस देणार नाही, आणि दिला नाही तर त्याचं बरोबरच आहे. इथे कारण आधी यायला हवं: “बाय लॉ, वी रजिस्टर ऑल फॉरेन गेस्ट्स ऑनलाइन विदिन २४ अवर्स ऑफ अरायव्हल. यू कॅन सेंड अ फोटो ऑफ युअर पासपोर्ट अँड व्हिसा नाउ, ऑर शो देम व्हेन यू गेट हिअर.” इमोजी नाही. दुसरा पर्याय दिल्यामुळे संशयही उरत नाही.

वाईट बातमी देताना मात्र उलट. टाकीची मोटर जळाली, खोलीत पाणी नाही. पत्राची इंग्रजी म्हणते, “द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.” हे थिवीच्या फलाटावरच्या घोषणेसारखं ऐकू येतं: दिलगिरी आहे, पण गाडी कधी येणार ते नाही. पाहुण्याला हवं असतं कारण, वेळ आणि तोवर काय करायचं: “सो सॉरी अबाउट द वॉटर. द पंप'स ब्रोकन अँड द इलेक्ट्रिशियन'स कमिंग अराउंड ४. आय'व्ह लेफ्ट टू बकेट्स आउटसाइड युअर डोअर. आय'ल मेसेज यू व्हेन इट्स फिक्स्ड.” इथे एक धोका आहे. “ही विल कम नाउ ओन्ली” असं लिहू नये. आपलं ‘आत्ताच येतोय’ हे आश्वासन असतं, वेळापत्रक नसतं; इंग्रज माणूस ‘नाउ’ वाचून दारात जाऊन उभा राहतो. इलेक्ट्रिशियन चारला येईल याची खात्री नसेल तर “अराउंड ४, मेबी ५” लिहावं आणि पाचला एक संदेश टाकावा, काम झालं नसलं तरी.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ५० पर्यंत तयार उत्तरं ठेवता येतात. तिरकी रेघ टाकून छोटा शब्द लिहिला की पूर्ण मजकूर येतो. या घराने सहा ठेवली तरी पुष्कळ: भाडं, ॲडव्हान्स, टॅक्सी, पासपोर्ट, पत्ता, निरोप. त्यात एक काळजी. तयार उत्तरात पाहुण्याचं नाव आणि तारीख रिकामी सोडलेली असते, आणि घाईत ती रिकामीच जाते. पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण त्यावर ‘एडिटेड’ अशी खूण पडते; आकडा बदलला असेल तर गुपचूप दुरुस्ती न करता नवा संदेश टाकून सांगावं, नाहीतर पाहुण्याने आधीचा आकडा वाचलेला असतो.

एआयकडून लिहून घेणाऱ्यांना वेगळाच त्रास होतो. नुसतं ‘पोलाइट उत्तर लिही’ म्हटलं की “आय होप धिस मेसेज फाइंड्स यू वेल”ने सुरू होणारी चार परिच्छेदांची मेल हातात येते, म्हणजे शाळेचं पत्रच नवे कपडे घालून. ‘व्हॉट्सॲपवर, दोन ओळी, आधी किंमत’ असं बजावून मागावं, आणि न समजलेला एकही शब्द पुढे पाठवू नये. पाहुणा त्याच शब्दावर प्रश्न विचारतो.

ज्यांची इंग्रजी आपल्यासारखीच शिकलेली

हरमलला येणारे सगळेच इंग्रजी घरातले नसतात. रशियन, इस्रायली, जर्मन, फ्रेंच. त्यांनीही इंग्रजी शाळेतच गिरवलेली. त्यांच्याशी बोलकं लिहायचं म्हणजे सोपं लिहायचं, असं समजून ‘ड्रॉप बाय’, ‘सॉर्ट आउट’, ‘पुट ऑफ’ असले जोडशब्द वापरले तर ते अडखळतात. ‘पुट’ माहीत असतो, ‘ऑफ’ माहीत असतो, पण दोन्ही मिळून ‘पुढे ढकलणं’ होतं हे त्यावरून कळत नाही. फ्रेंच किंवा पोर्तुगीज पाहुण्याला तर ‘रिझर्व्ह’, ‘कन्फर्म’ असे औपचारिक शब्दच सोपे जातात, कारण त्यांच्या भाषेत त्यांची भावंडं आहेत. इथे पत्रातला शब्द आणि चॅटमधली छोटी वाक्यं, असं मिश्रण चालतं.

रशियन पाहुण्याचा “नीड टॅक्सी. १० मॉर्निंग.” हा संदेश रागाचा नसतो. त्याच्या भाषेत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, आणि कामाचं थेट बोलणं तिथे उद्धटपणा मानत नाहीत. त्याला तसंच तुटक उत्तर द्यायचं नाही, लांबही नाही: “ओके! टॅक्सी टुमॉरो, १०:०० एएम. व्हेअर टू?”

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी आणखी वेगळं. तिथे ‘सर’, ‘मॅम’ नसले तर चुकल्यासारखं वाटतं, आणि ‘काइंडली’ कुणाला खटकत नाही. पणजीच्या कचेरीला, बँकेला, पंचायतीला लिहिताना ‘डू द नीडफुल’ खुशाल राहू द्यावं. तिथली ती चालू नाणी आहेत. आपली सगळी भारतीय इंग्रजी घासून काढायचा खटाटोप करू नये. ‘टुडे मॉर्निंग’ लिहिल्याने कुणाची टॅक्सी चुकत नाही. अडतं ते मोजक्या शब्दांपाशी: रिव्हर्ट, नीडफुल, प्रीपोन, शंका विचारायची म्हणून ‘डाउट’, आणि गावाला गेलो म्हणून ‘आउट ऑफ स्टेशन’. एवढे पाच बदलले तरी बरंच निस्तरतं.

आपण किती मोकळं लिहायचं याचा अंदाज समोरच्यावरून घ्यावा, पण एक पायरी मागे राहून. त्याने नावाने हाक मारली तर आपणही नाव वापरावं. त्याने इमोजी टाकला तर आपणही एखादा टाकावा, हसून रडणारा सोडून. पैशांच्या वाक्यात तर कुठलाच नको. त्याने शिवी घातली, गमतीत का होईना, तर आपण नाही.

परीक्षणाचं उत्तर

बाई गेल्यावर त्यांनी बुकिंगच्या ॲपवर चार तारे दिले. जेवण आणि घरच्यांचं कौतुक, आणि एक ओळ: “मेसेजेस वेअर अ बिट कन्फ्यूजिंग ॲट टाइम्स.” भावाला ही ओळ झोंबली. ‘अ बिट’ हा ब्रिटिश मापाचा शब्द आहे. ‘अ बिट कन्फ्यूजिंग’ म्हणजे बहुतेकदा चांगलंच गोंधळात टाकणारं, फक्त सभ्यपणे सांगितलेलं. तेव्हा उत्तर द्यायला हवंच.

आणि इथे सूर पुन्हा बदलतो. परीक्षणाखालचं उत्तर एका माणसाला उद्देशून लिहितात, वाचतात मात्र पुढचे सगळे पाहुणे. चॅटपेक्षा थोडं नीटनेटकं, पत्रापेक्षा मोकळं. मुलीच्या पहिल्या मसुद्यात टॅक्सीच्या वेळेचा पूर्ण खुलासा होता, ‘हाफ सेव्हन’सकट. तो काढला, कारण खुलासा कितीही खरा असला तरी नव्या वाचणाऱ्याला तो वाद वाटतो. राहिलं ते एवढं:

“थँक यू फॉर स्टेइंग विथ अस. माय मदर वॉज सो हॅपी यू लाइक्ड द फूड. सॉरी अबाउट द मिक्स-अप विथ द टॅक्सी. वी नाउ कन्फर्म एव्हरी पिक-अप विथ द फ्लाइट नंबर. होप टू सी यू अगेन!”

भावाने शेवटी एक पापीचा ‘x’ लावून पाहिला होता. पाठवण्याआधी तो खोडला.